कुलूप फोडून दाखवा म्हणणारं परीक्षा मंडळ

(पोस्ट लांब आहे. घरात दहावी-बारावीचं पोरगं असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.)

बोर्डाच्या परीक्षा आल्या की आम्हा तालुक्याच्या बातमीदारांच्या बातम्या ठरलेल्या असतात. पहिल्या दिवशी गुलाबपुष्प देऊन परीक्षार्थींचं स्वागत. दुसऱ्या दिवशी भरारी पथकाची भेट. तिसऱ्या दिवशी कुठल्यातरी केंद्राच्या मागच्या भिंतीवर चढलेल्या पोरांचा फोटो. आणि एखाद्या वर्षी थेट व्हॉट्सअपवर पेपर. नावं आणि गावं बदलतात, मजकूर तोच राहतो.

यंदा टपरीवर एका पालकांनी मला अडवलं. मुलगी बारावीला आहे त्यांची. म्हणाले, "भाऊ, बँक मोबाईलात आली, सातबारा मोबाईलात आला. मग बोर्डाचा पेपर अजून गाडीतून का येतो? कॉम्प्युटरवर घेऊन टाका की एकदाचा, फुटायची भानगडच मिटेल."

मी तेव्हा नुसती मान हलवली. घरी आल्यावर वाटलं, त्यांना नीट उत्तर द्यायला हवं होतं. कारण एका देशाने हे खरंच केलं आहे. शाळेतली शेवटची मोठी परीक्षा पूर्णपणे संगणकावर नेली. आणि ती ज्या क्रमाने नेली, त्या क्रमातच सगळी मेख आहे. तो देश म्हणजे फिनलंड. तिथपर्यंत जाण्याआधी आपलं घर पाहू.

आपला पेपर कसा येतो? छापखान्यातून विभागीय मंडळाकडे. तिथून तालुक्याच्या परिरक्षक केंद्रात, ज्याला आपण सगळे 'कस्टडी' म्हणतो. परीक्षेच्या सकाळी कस्टडीतून सहायक परिरक्षक, म्हणजे आपला 'रनर', सीलबंद पाकिटं घेऊन केंद्रावर जातो. केंद्र संचालक पाकिटं वर्गावर देतात आणि पर्यवेक्षक विद्यार्थ्यांसमोर ती फोडतात. मोजा, किती हात झाले. यातले नव्याण्णव हात प्रामाणिक असतात. पेपर फुटायला एकच लागतो, आणि आता त्या एका हातात कॅमेऱ्याचा मोबाइल असतो.

म्हणून दर वर्षी आपण एक कुलूप वाढवतो. १९८२ साली महाराष्ट्राने परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. पुढे भरारी पथकं आली, बैठी पथकं आली, संवेदनशील केंद्रांच्या याद्या आल्या. प्रश्नपत्रिका वाचायला दहा मिनिटं आधी देत असत, ती सवलत २०२३ मध्ये मंडळाने बंद केली आणि त्याबदल्यात शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली. पेपर नेणाऱ्याने जीपीएस चालू ठेवायचं, असंही ठरलं. आणि त्याच वर्षी, ३ मार्च २०२३ ला, बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा भागातून परीक्षा सुरू होण्याआधीच मोबाइलवर फिरली.

हे फक्त आपल्या बोर्डाचं दुखणं नाही. २०१८ साली सीबीएसईचा बारावीचा अर्थशास्त्राचा पेपर फुटला. देशभरातल्या मुलांना २५ एप्रिलला तो पेपर पुन्हा द्यावा लागला. त्यानंतर सीबीएसईने संगणकी कुलूप लावलेला पेपर ऐनवेळी केंद्रावर पाठवून तिथेच छापून घेण्याचा प्रयोग केला. काही केंद्रांवर छपाईला उशीर झाला आणि पेपर उशिरा सुरू झाला.

यात नुकसान कुणाचं झालं? ज्याने पेपर फोडला त्याचं थोडंच. ज्याने विकत घेतला त्याचंही थोडंच. जी पोरगी वर्षभर पहाटे उठून बसली, तिला तोच पेपर परत द्यावा लागला. त्याहून वाईट म्हणजे पुन्हा परीक्षा झाली नाही, तर तिच्या खऱ्या गुणांवरही कायमचा संशय बसतो.

मग संगणकावर घ्या, हे उत्तर बरोबर वाटतं. पण थांबा. २०२१ ची जेईई मेन संगणकावरच होती. हरियाणातल्या सोनिपतमधल्या एका केंद्रावरचे संगणक दुरून ताब्यात घेऊन विद्यार्थ्यांचे पेपर दुसऱ्यांनीच सोडवले, असा आरोप झाला. सीबीआयने गुन्हा नोंदवला आणि २०२२ मध्ये या प्रकरणात एका रशियन नागरिकाला अटक केली. आपल्याकडे व्हॉट्सअपवर पान फिरलं तर निदान ते दिसतं तरी. इथे वर्गात बसलेलं पोरगं नुसतं माऊस हलवत होतं आणि उत्तर भलताच कुणी देत होता, असा आरोप. म्हणजे कागद गेला म्हणून चोर गेला, असं होत नाही. चोर दुसऱ्या दाराने येतो.

आता फिनलंड.

देश लहान आहे. लोकसंख्या साधारण छप्पन्न लाख. आपल्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या याहून जास्त. तिथे बारावीसारखी एक परीक्षा आहे. तिची सुरुवात १८५२ सालची, फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होता तेव्हाची. सुरुवातीला ती हेलसिंकीच्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. पुढे लेखी झाली, शाळांमध्ये होऊ लागली. आज ती वर्षातून दोनदा होते, मार्चमध्ये मोठी आणि सप्टेंबरमध्ये लहान. सगळ्या शाळांत एकाच वेळी. एकेक पेपर सहा तासांचा! उत्तीर्ण झालेल्याला पांढरी टोपी मिळते, आणि ती टोपी घातलेला फोटो तिथल्या घराघरांत भिंतीवर असतो.

तिथली माणसं प्रामाणिक, म्हणून तिथे जमतं, असं आपण पटकन म्हणतो. जरा दमाने घ्या. सहा तासांचा पेपर असल्यामुळे मुलं डबा घेऊन बसतात. ज्यूसची बाटली, केळी, चॉकलेट. त्या बाटलीवरची आणि वेष्टनावरची लेबलं काढून टाकावी लागतात. का, तर लेबलच्या आतल्या बाजूला कुणी सूत्र लिहून आणू नये. गणिताच्या पेपरला गणकयंत्राची मेमरी पुसून घेत असत. म्हणजे संशय तिथेही आहे. कॉपी करावीशी वाटणारी मुलं तिथेही आहेतच. फरक आहे तो मंडळाने या संशयाचं काय केलं, त्यात.

२०१० नंतरच्या वर्षांत तिथल्या सरकारने ठरवलं की ही परीक्षा टप्प्याटप्प्याने संगणकावर न्यायची. परीक्षा मंडळाने 'डिगाबी' नावाचा प्रकल्प सुरू केला. 'अबी' म्हणजे तिथल्या बोलीत शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी.

त्यांच्यापुढची अडचण समजून घ्या. देशात अशा सुमारे चारशे शाळा. वर्षाला तीसेक हजार मुलं ही परीक्षा पूर्ण करतात. मार्चच्या एका सकाळी, एकाच वेळी, हजारो मुलांना सहा तास संगणक हवा. एवढे संगणक शाळांकडे नाहीत. मोठ्या शहरात परीक्षेची दुकानं थाटून मुलांना तिकडे पाठवायचं, तर गावाकडच्या मुलाने काय करायचं? शाळेतली परीक्षा शाळेतच व्हायला हवी, यावर ते ठाम राहिले. मग राहिला एकच मार्ग. मुलाने स्वतःचाच लॅपटॉप आणायचा.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःचा लॅपटॉप? त्यात तर अख्खं पुस्तक भरून आणता येईल!

इथे त्यांनी केलेली युक्ती साधी आहे. लॅपटॉप मुलाचा, पण परीक्षेपुरता त्याचा मेंदू मंडळाचा. मुलाला एक पेन ड्राइव्ह मिळतो. लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. मग विंडोज उघडतच नाही. उघडते ती मंडळाने लिनक्सवर बनवलेली परीक्षेची प्रणाली. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये काय भरून ठेवलंय, ते तिथून दिसतच नाही. वायफाय बंद, ब्लूटूथ बंद. लॅपटॉपला एक वायर जोडायची आणि ती वायर जाते त्याच खोलीत किंवा शेजारी ठेवलेल्या शाळेच्या सर्व्हरकडे. तो सर्व्हर परीक्षेच्या वेळी इंटरनेटला जोडलेला नसतो. खोलीतल्या खोलीत जाळं, बाहेर जायला रस्ताच नाही.

म्हणजे 'ऑनलाइन परीक्षा' हा शब्दच इथे चुकीचा आहे. परीक्षा संगणकावर आहे, पण ऑफलाइन आहे. बाहेरून कुणी त्या संगणकाचा ताबा घेऊ म्हणेल, तर ताबा घ्यायला वाटच नाही. आणि परीक्षा चालू असताना गावातलं नेट गेलं तरी कुणाचं काही अडत नाही. आपल्या तालुक्यात बसून वाचताना या वाक्याची किंमत जास्त कळते.

प्रश्नपत्रिका आधीच शाळेत पोचलेली असते, पण कुलूपबंद. ती उघडायचा संकेत परीक्षेच्या सकाळी मिळतो. तोपर्यंत मुख्याध्यापकांनाही पेपर दिसत नाही. पाकीट हातात असून उपयोग नाही, कारण पाकीट फोडायचा चाकू मंडळाकडे.

मुलगा लिहीत जातो तसं उत्तर शाळेच्या सर्व्हरवर जमा होत जातं. मध्येच लॅपटॉप बंद पडला? शाळेत जादा लॅपटॉप तयार असतात. दुसऱ्यावर बसायचं, लिहिलेलं तिथे असतंच. सर्व्हरच बंद पडला तर? त्याच्यासाठीही दुसरा सर्व्हर शेजारी तयार ठेवायचा, हे ठरलेलं. परीक्षा संपली की उत्तरं कुलूपबंद होऊन मंडळाकडे जातात. आधी शाळेचे शिक्षक तपासतात, मग मंडळाचे परीक्षक पुन्हा तपासतात. ही दुहेरी तपासणी कागदाच्या काळापासूनची. फक्त गठ्ठ्यांचा प्रवास संपला.

हे झालं यंत्राचं. माझ्या मते खरी गोष्ट यंत्राची नाहीच.

२०१३ साली, म्हणजे पहिली खरी परीक्षा व्हायच्या तीन वर्षं आधी, मंडळाने एक स्पर्धा जाहीर केली. नाव 'हॅकाबी'. आव्हान असं, की ही आमची परीक्षेची प्रणाली, अजून कच्ची आहे, घ्या, उतरवून घ्या, आणि हिच्यात कॉपी करायचा मार्ग शोधून दाखवा. जो चांगला मार्ग शोधेल त्याला बक्षीस.

विचार करा. परीक्षा मंडळ स्वतःहून म्हणतंय, आमचं कुलूप फोडा.

आपल्याकडे हे सुचवणाऱ्याला काय उत्तर मिळेल, ते तुम्हाला माहीत आहे. गोपनीय बाब आहे. इथे तर केंद्रावर फोटो काढला म्हणून बातमीदारालाच बाहेर काढतात. आपली समजूत अशी, की कुलूप कसं चालतं हे कुणाला कळू दिलं नाही तर ते सुरक्षित. फिनलंडच्या मंडळाची समजूत उलटी. कुलूप कसं चालतं हे सगळ्यांना माहीत असूनही ते उघडलं नाही, तरच ते कुलूप. जपायची फक्त किल्ली. चोराने पहिली चोरी परीक्षेच्या दिवशी करण्यापेक्षा तीन वर्षं आधी, बक्षीस घेऊन, सगळ्यांसमोर करावी, हे कधीही परवडलं.

दुसरी गोष्ट २०१५ ची. मंडळाने हीच प्रणाली 'अबिट्टी' या नावाने शाळांना फुकट देऊन टाकली. सांगितलं, तुमच्या रोजच्या चाचण्या, घटक परीक्षा, सहामाही यावर घ्या. शिक्षकाने स्वतः प्रश्न टाकायचे, स्वतः सर्व्हर लावायचा, स्वतः वायरी जोडायच्या. यात काय साधलं? मोठ्या परीक्षेच्या दिवशी शाळेत बाहेरचा इंजिनिअर बोलवायची गरज राहिली नाही. मुलांना कुठलं बटण कुठे आहे हे शोधावं लागलं नाही. पेन ड्राइव्ह चालत नसेल तर काय करायचं, हे वर्गातल्या चार मुलांना आधीच माहीत होतं. चुका झाल्या त्या वीस मार्कांच्या चाचणीत झाल्या. आयुष्याच्या परीक्षेत व्हायच्या आधी.

तिसरी गोष्ट विषयांच्या क्रमाची. पहिल्यांदा संगणकावर आले ते २०१६ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे लहान परीक्षेत. विषय तीन : जर्मन, भूगोल आणि तत्त्वज्ञान. २०१७ च्या मार्चमध्ये फ्रेंच, समाजशास्त्राचा विषय आणि मानसशास्त्र. त्यानंतर इतिहास आणि आणखी काही. २०१८ मध्ये इंग्रजी आणि जीवशास्त्र, मग मातृभाषा, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र. सगळ्यात शेवटी, २०१९ च्या मार्चमध्ये, गणित. गणित शेवटी का? तर सूत्र हाताने लिहायला सोपं, टाइप करायला अवघड. शिक्षकांची तक्रारही हीच होती, आणि ती रास्त होती. अपूर्णांक, वर्गमूळ, घातांक हे सगळं कीबोर्डवर बसवताना विचारांची साखळी तुटते. मंडळाने त्यासाठी सूत्र लिहायचं वेगळं साधन तयार केलं आणि तेही शाळांना आधीच सरावाला दिलं. गणिताच्या पहिल्या भागात गणकयंत्राची सोय बंद असते. तो भाग जमा केला की मगच ती उघडते. कागदावर हे करायला दोन वेगळे पेपर घ्यावे लागले असते.

म्हणजे २०१३ ला सुरुवात आणि २०१९ ला शेवट. सहा वर्षं. छप्पन्न लाखांच्या देशाला सहा वर्षं लागली. आपल्याकडे एखादा मंत्री 'पुढच्या वर्षीपासून ऑनलाइन' म्हणतो, तेव्हा हा आकडा आठवायला हवा.

प्रश्नही बदलले, आणि मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. संगणकावर आल्यावर प्रश्नासोबत नकाशा देता येतो, आकड्यांचा तक्ता देता येतो, भाषणाची ध्वनिफीत, व्हिडिओचा तुकडा देता येतो. मुलाने तो पाहायचा आणि त्यावर स्वतःचं म्हणणं मांडायचं. अशा प्रश्नाला खिशातल्या चिठ्ठीचा काय उपयोग? आपल्याकडे गाइडमधलं उत्तर शब्द न् शब्द उतरवलं की पूर्ण गुण मिळतात. मग खिडकीतून गाइडचं पानच येणार, दुसरं काय येणार? कॉपीचं मूळ जसं खिडकीत आहे, तसं प्रश्नातही आहे.

आता या गोष्टीची काळी बाजू. ती सांगितली नाही तर ही पोस्ट म्हणजे जाहिरात होईल.

लॅपटॉप मुलाने आणायचा, असं ठरलं. पण पैसे कुणाचे? शाळेची फी नाही, असं अभिमानाने सांगणाऱ्या देशात पुस्तकांचा आणि लॅपटॉपचा खर्च पालकांवर होता. ज्याच्या घरी परवडतं त्याच्याकडे नवा कोरा, ज्याच्या घरी नाही त्याच्याकडे जुना, किंवा शाळेकडून उसना. परीक्षा सुरक्षित झाली, पण दाराशी तिकीट लागलं. यावर तिथे बरीच वर्षं वाद चालला. शेवटी २०२१ मध्ये सक्तीचं शिक्षण १८ वर्षांपर्यंत वाढवणारा कायदा लागू झाला. त्या वर्षीपासून नव्याने येणाऱ्या मुलांना पुस्तकं आणि लॅपटॉप फुकट मिळू लागले. २०१९ मध्ये परीक्षा पूर्ण डिजिटल झाली, लॅपटॉप फुकट मिळायला २०२१ उजाडलं. मधल्या मुलांच्या पालकांनी खिशातून भरले. यातून धडा घ्यायचा तर हा, की क्रम उलटा असायला हवा होता.

आणखी एक. यंत्र आलं म्हणून पर्यवेक्षक घरी गेले नाहीत. वर्गात शिक्षक फिरतातच. शेजाऱ्याच्या पडद्यावर नजर जाऊ नये म्हणून बाकांची मांडणी करावीच लागते. लेबल काढलेली बाटलीही तशीच राहिली.

आता एका तारखेची गंमत. गंमत कसली, वाईट वाटायची गोष्ट. २३ मार्च २०२०.

आपल्याकडे त्या वर्षीच्या दहावीच्या मुलांना ही तारीख चांगली आठवत असेल. भूगोलाचा शेवटचा पेपर २३ मार्चला होता. कोरोनामुळे तो पुढे ढकलला, आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. गुण सरासरीने दिले. त्याच मार्चमध्ये फिनलंडची परीक्षा चालू होती. १६ मार्चला तिथल्या सरकारने शाळा बंद करायचा निर्णय जाहीर केला, पण परीक्षेचं उरलेलं वेळापत्रक आवळून ती २३ मार्चपर्यंत उरकून घेतली. पेपरांच्या तारखा काही दिवसांत अलीकडे आणल्या.

देश लहान, मुलं कमी, हे खरंच. पण ज्या मंडळाला परीक्षेची सवय शाळाशाळांत मुरवता आली होती, त्याला ऐनवेळी हालचाल करता आली, हेही खरं. आपल्याकडे पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, दहावीची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत गुणांवर निकाल लावला. तो ९९.९५ टक्के लागला. त्या मुलांची काहीच चूक नव्हती. पण त्या बॅचचा निकाल निघाला की लोक अजून हसतात, आणि त्यातल्या खरोखर हुशार मुलांना ते हसू सोसावं लागतं.

मग आपण काय करायचं?

आधी आकडे. आपल्या राज्यात एकट्या दहावीला पंधरा-सोळा लाख मुलं बसतात. नऊ विभागीय मंडळं आहेत. फिनलंडच्या वर्षभराच्या मुलांएवढी मुलं आपल्या एखाद्या जिल्ह्यात असतात. मार्चच्या उन्हात दुपारी वीज जाते. संगणक कक्ष असलेल्या शाळेतही त्यातले किती संगणक चालू आहेत, हे विचारायला गेलं की शिपाई किल्ली शोधायला लागतो. हे सगळं मान्य. उद्या दहावी संगणकावर घ्या, असं मी अजिबात म्हणत नाही. कुणी म्हणालं तर विरोध करीन.

पण आपण अगदी शून्यावरही नाही. बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची परीक्षा आपलं बोर्ड कनिष्ठ महाविद्यालयांच्या संगणक कक्षात संगणकावर घेतंच. इंजिनिअरिंग-फार्मसीची सीईटी २०१९ पासून संगणकावर आहे. म्हणजे अनुभव आहे. नाही ते एवढंच, की या अनुभवातून काय बिघडलं आणि ते कसं दुरुस्त केलं, हे कुणी चारचौघांत सांगत नाही.

माझ्या मते फिनलंडच्या गोष्टीतून चार मागण्या करता येतात, आणि त्या करायला पैसे लागत नाहीत.

एक. सुरुवात मोठ्या परीक्षेने नको. आठवी-नववीच्या चाचणीने करा. साधन फुकट द्या, शिक्षकाच्या हाती द्या, आणि त्यातल्या चुकीसाठी त्याला नोटीस काढू नका.

दोन. परीक्षा संगणकावर, पण नेटशिवाय. शाळेच्या खोलीत सुरू होऊन खोलीतच संपणारी. शंभर किलोमीटरवरच्या कुठल्यातरी सेंटरवर पहाटे चारच्या एसटीने जायला लावणारी नको. मुलींचं शिक्षण अशाच प्रवासात सुटतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय.

तीन. संगणक आधी, परीक्षा नंतर. ज्या शाळेत प्रत्येक मुलाच्या वाट्याला चालू यंत्र आणि त्यामागे बॅटरी नाही, तिथे कागदच बरा. कागदात एक मोठा गुण आहे, वीज गेली तरी तो वाचता येतो.

चार, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. कुलूप लोकांना तपासू द्या. आपल्या तंत्रनिकेतनांत आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत अशी पोरं आहेत, जी रात्री दोन वाजेपर्यंत असले उद्योग करत बसतात. त्यांना सांगा, या आमच्या प्रणालीत भोक पाडून दाखवा, सगळ्यांसमोर सत्कार करू. नाहीतर तीच हुशारी उद्या कुणीतरी पैसे देऊन विकत घेईल.

टपरीवरच्या त्या पालकांना आता माझं उत्तर असं आहे. दादा, पेपर कॉम्प्युटरवर घेता येतो. एका देशाने घेतला. पण त्यांनी आधी शाळेशाळेत सराव केला, चोराला दिवसाढवळ्या बोलावून कुलूप तपासलं, आणि उशिरा का होईना पण गरिबाच्या पोराच्या हातात यंत्र दिलं. हे तिन्ही वगळून फक्त कॉम्प्युटर आणला, तर रनरची गाडी बंद होईल आणि फुटायची भानगड तशीच राहील. फक्त आपल्याला दिसणार नाही.

तुमच्या मुलीने वर्षभर पहाटे उठून जो अभ्यास केलाय, त्याचे गुण तिचेच आहेत असं उद्या तिला कुणालाही ताठ मानेने सांगता यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

शिक्षक मंडळींनी आणि ज्यांच्या पोरांनी माहिती तंत्रज्ञानाची किंवा सीईटीची परीक्षा संगणकावर दिली आहे, त्यांनी खाली लिहा. काय चाललं, काय बंद पडलं, किती वेळ वाया गेला. शाळेचं नाव नको, अनुभव हवा. आपणच आपली यादी तयार करू. बोर्डाने मागितली तर देऊ. नाही मागितली तरी देऊ.